ऊब तेलाला, पाण्याला नाही

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला साबण नवा नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी एम. एच. हाशम प्रेमजी यांची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदवली गेली आणि बोरी नदीकाठच्या या गावात तेलाचा कारखाना उभा राहिला. तिथे ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप तयार व्हायचं आणि त्याच तेलाच्या कामातून जे उरायचं, त्यातून ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण. कच्चं तेल शुद्ध करताना त्यातली सुटी मेदाम्लं काढावी लागतात. त्यासाठी तेलात कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण मिसळतात. सोडा त्या आम्लांना धरून खाली बसतो. हा गाळ म्हणजे अर्धाकच्चा साबणच असतो. ही कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणकाच्या जगात गेली, पण तिची सुरुवात खानदेशातल्या तेलापासून आणि सोड्यापासून झाली.

आज तोच सोडा घरोघरी येऊ लागला आहे. बचत गटांच्या प्रशिक्षणात, दिवाळीच्या भेटवस्तूंत, कडुनिंब-हळदीच्या वड्यांत हातबनावटीच्या साबणाला मागणी आहे. कारखान्यात मापाच्या टाक्या, जाड नळ्या आणि सरावलेले कामगार असतात. घरी असतो स्वयंपाकघराचा ओटा आणि स्टीलचं पातेलं. त्यात डिसेंबर-जानेवारी आला की खानदेशात आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे थंडी. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या केंद्रावर पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या थंडीच्या लाटेत ठरलेल्या असतात. जळगावातही तो दहाच्या खाली जातो. अशा वेळी खोबरेल बाटलीत थिजतं, हात उलतात आणि पाण्यात बोट घालवत नाही. साबण करणाऱ्याच्या मनात मग साहजिकच येतं, की सगळंच गार आहे, तर पाणीही थोडं तापवून घ्यावं.

नेमकं हेच करायचं नाही. का, ते समजून घेतलं की बाकीची काळजी आपोआप सुचत जाते.

उष्णता सोड्यातच असते

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पांढरे पापुद्रे किंवा साबुदाण्याएवढे दाणे, अशा रूपात तो बाजारात मिळतो. धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) हे त्याचे नातेवाईक असले, तरी त्यांच्याने या पद्धतीचा साबण होत नाही. दुकानात मागताना ‘साबणाचा सोडा’ असं मोघम न सांगता नाव घेऊन मागावं आणि पाकिटावरचं नाव वाचून घ्यावं.

कॉस्टिक पाण्यात पडला की विरघळताना स्वतःच उष्णता सोडतो. दर ग्रॅममागे ही उष्णता साधारण एक किलोज्यूल भरते. आकडा लहान वाटतो, पण हिशेब करून पाहा. अर्धा किलो तेलाच्या साबणाला सुमारे ७५ ग्रॅम सोडा आणि १८० मिलिलिटर पाणी लागतं. एवढ्या सोड्यातून निघणारी उष्णता त्या पाण्याला १० अंशांवरून ८० अंशांच्या घरात नेऊन ठेवते, तेही गॅस न पेटवता आणि काही मिनिटांत.

आता हेच पाणी आधी ५० अंशांपर्यंत तापवलेलं असेल तर? सोड्याची उष्णता तेवढीच, पण तिची सुरुवात चाळीस अंश वरून झाली. मग द्रावण उकळीला पोचतं, बुडाशी वाफेचे बुडबुडे फुटतात आणि उकळतं कॉस्टिक पातेल्याबाहेर, थेट तोंडाच्या उंचीपर्यंत उडतं. थंडीतल्या अपघातांचं हे मूळ आहे. थंडीमुळे सोडा मवाळ होत नाही. गार पाण्यामुळे त्याच्या उष्णतेला सामावायला थोडी जागा मिळते, एवढंच. ती जागा आपण पाणी तापवून घालवू नये. पाणी माठातलं, खोलीच्या तापमानाचं घ्यावं. पहाटे नळातून येतं तसं गार असलं तरी चालेल.

गार पाण्याची एक अडचण मात्र आहे. सोडा एकदम ओतला तर पापुद्रे बुडाशी बसतात आणि त्यांचा एक घट्ट थर होतो. वरचं पाणी गारच दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग चमच्याने तो थर ढवळला की साठलेली उष्णता एकाच जागी, एकदम बाहेर येते. म्हणून सोडा चिमटी-चिमटीने घालायचा आणि पहिल्या चिमटीपासून शेवटचा कण विरघळेपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही.

क्रमही ठरलेला आहे. पाण्यात सोडा घालायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. ढिगावर पडलेलं थोडंसं पाणी खूप सोड्याची उष्णता एकट्याने झेलतं आणि लगेच उकळून उसळतं.

जुना क्षार, नवा सोडा

या भागाला क्षार परका नाही. जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. त्याच्या खाऱ्या पाण्यातून पूर्वी क्षार काढत. इथल्या डोंगरांत काच आणि साबण यांचं साहित्य मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. तो क्षार मुख्यतः सोडियम कार्बोनेटचा. त्यात कळीचा चुना मिसळला की चुन्याचा गाळ खाली बसतो आणि वर कॉस्टिकचं पाणी उरतं. कारखान्यांनी मिठापासून विजेच्या साहाय्याने कॉस्टिक काढायला सुरुवात करण्याआधी जगभर साबणवाले हीच रीत वापरत.

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या मळ्यांकडे पाहून दुसरी कल्पना सुचते. केळीचं खोड जाळून उरलेल्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात आणि आसामात अशा राखेचं पाणी स्वयंपाकातही वापरतात. राखेच्या पाण्यानेही साबण होतो, पण तो मऊ, लोण्यासारखा राहतो, त्याची वडी धरत नाही. शिवाय राखेच्या पाण्याचा जोर प्रत्येक वेळी वेगळा असतो आणि तो मोजायला घरी साधन नसतं. घरच्या साबणाची सुरक्षितता मापावर उभी असते, म्हणून नवख्याने राखेच्या वाटेला जाऊ नये.

माप काढायचं ते असं. प्रत्येक तेलाला साबण व्हायला ठरावीक सोडा लागतो. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, सरकीच्या तेलाला ०.१३८ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. समजा, २०० ग्रॅम खोबरेल आणि ३०० ग्रॅम शेंगदाणा तेल घेतलं. खोबरेलाला ३६.६ आणि शेंगदाण्याला ४०.८, मिळून ७७.४ ग्रॅम सोडा. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल साबण न होता उरतं आणि वडी कातडीला बोचत नाही. उरला ७३.५ ग्रॅम सोडा. पाणी सोड्याच्या दुप्पट ते अडीचपट, म्हणजे १४७ ते १८४ ग्रॅम. हे सगळं डिजिटल काट्यावर वजनाने मोजावं. वाटी-चमच्याचं माप इथे उपयोगाचं नाही.

थंडीत सोडा मोजताना एक छोटी पण नेमकी खोड लक्षात ठेवावी. खानदेशातली हिवाळी हवा कोरडी असते. स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात, तोच प्रकार इथे होतो. प्लास्टिकच्या वाटीत सोड्याचे बारीक दाणे स्थिर विजेने उडतात, कडेला आणि हातमोज्यांना चिकटतात. म्हणून सोडा स्टीलच्या वाटीत मोजावा आणि झाल्यावर ओटा ओल्या फडक्याने पुसावा. ते फडकंही हातमोजे घालूनच धुवावं.

कोणतं भांडं, कोणते कपडे

स्टीलचं जाड पातेलं उत्तम. उष्णता सोसणारं जाड प्लास्टिक, ज्यावर त्रिकोणात ५ आकडा असतो, तेही चालतं. ‘जर्मन’चं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र अजिबात नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. जस्ताची बादली आणि कल्हईचं भांडं हेही बाद, कारण जस्त आणि कथील या दोन्ही धातूंवर कॉस्टिकची क्रिया होते. काचेच्या बरण्या बहुतेक घरांत असतात, पण गार काचेत काही मिनिटांत ८० अंशांचं द्रावण झालं तर ती तडकू शकते. त्यातून कॉस्टिक काचेलाही हळूहळू झिजवतं. साबणासाठी निवडलेलं पातेलं, चमचा आणि गाळणी कायमची वेगळी ठेवावी. ती पुन्हा स्वयंपाकात येऊ नये.

थंडीत आपण अंगावर घालतो ते कपडेही इथे धोक्याचे ठरतात. लोकर हे प्रथिन आहे आणि गरम कॉस्टिक प्रथिन विरघळवतं. लोकरीच्या स्वेटरवर थेंब पडला तर तो झिरपतो आणि कातडीशी धरून राहतो. शालीचं टोक पातेल्यात पडायला तर क्षणही पुरतो. म्हणून सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे एकावर एक घालावे, पदर किंवा ओढणी खोचावी आणि पायांत बूट घालावे, चप्पल नको. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांच्या कडा झाकणारा गॉगल हवाच. साधा चष्मा पुरत नाही, बाजूने उडालेला थेंब तो अडवत नाही.

खिडक्या उघड्या ठेवाव्या. सोडा विरघळताना निघणारी बोचरी वाफ नाकाघशाला झोंबते. थंडीत दारं-खिडक्या लावून घेण्याची सवय असते, आणि बंद खोलीत तीच वाफ साठून राहते. तोंड पातेल्यावर वाकवू नये. मुलं आणि पाळीव प्राणी त्या तासाभरासाठी दुसरीकडे.

वेळ दुपारची

खानदेशच्या थंडीची गंमत अशी, की ती चोवीस तास टिकत नाही. पहाटे ८ अंश असलेल्या जळगावात दुपारी पारा बऱ्याचदा २७-२८ अंशांच्या पुढे जातो. हा फरक आपल्या फायद्याचा आहे. रात्री सगळी कामं आटोपल्यावर, थंड ओट्यावर, बंद खोलीत आणि पेंगुळल्या डोळ्यांनी साबण करण्याऐवजी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान करावा. थिजलेल्या खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली तरी तेल आपोआप वितळतं, कारण खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होतं. वारा नसेल तर सोडा विरघळवण्याचं काम मागच्या ओट्यावर करावं, म्हणजे वाफ बाहेरच्या बाहेर जाते. वारा असेल तर मात्र घरात उघड्या खिडकीशी. सोड्याचे हलके दाणे वाऱ्याने डोळ्यांत जायला नको.

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. तेव्हा द्रावण निवायला फार वेळ लागतो आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवावं लागतं. डिसेंबरात उलटं. स्टीलच्या पातेल्यातलं द्रावण भराभर निवतं आणि आपण तेल वितळवत असतानाच गरजेपेक्षा गार होतं. म्हणून थंडीत तेल आधी वितळवून मंद कोमट ठेवावं आणि मग सोडा विरघळवायला घ्यावा. ऊब द्यायची ती तेलाला.

दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आले की द्रावण तेलात ओतावं, उलटं करू नये. तापमान मोजायला स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा थर्मामीटर हवा. तापाचा थर्मामीटर घालू नये. त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते, काचेचा असेल तर फुटतो आणि आतला पारा वेगळीच आपत्ती घेऊन येतो. पातेल्याला हात लावून घेतलेला अंदाजही थर्मामीटरची जागा घेऊ शकत नाही.

थंडीचे दोन चकवे

पहिला चकवा दाटपणाचा. द्रावण तेलात ढवळत गेलं की मिश्रण हळूहळू दाट होतं आणि चमच्याने वरून ओतलेली धार काही क्षण पृष्ठभागावर दिसत राहते. साबणवाले याला ‘ट्रेस’ म्हणतात. याचा अर्थ तेल, पाणी आणि सोडा आता वेगळे होणार नाहीत. थंडीत मात्र खोबरेल किंवा वनस्पती तूप गार द्रावणाशी भेटताच थिजू लागतं. मिश्रण दाट दिसतं, पण तो दाटपणा थिजलेल्या तुपाचा असतो, साबणाचा नव्हे. ते साच्यात ओतलं तर दुसऱ्या दिवशी वर तेल आणि तळाशी सोड्याचं पाणी सापडतं. असा संशय आला तर पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहावं. गुठळ्या वितळून मिश्रण पुन्हा पातळ झालं तर तो चकवाच होता. मग खरा ट्रेस येईपर्यंत ढवळावं.

दुसरा चकवा साठवलेल्या द्रावणाचा. पुष्कळ साबण करणारे सोडा आणि पाणी समसमान घेऊन मोठ्या डब्यात तयार ठेवतात आणि लागेल तसं वापरतात. उन्हाळ्यात हे चालतं. पण ५० टक्के कॉस्टिकचं द्रावण १२ अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि ४० टक्क्यांचं तर त्याहीपेक्षा लवकर, साधारण १५ अंशांना. धुळ्यातल्या जानेवारीच्या रात्रीसाठी हे आकडे पुरेसे आहेत. सकाळी तळाशी खडे दिसतात. वरून ओतलेल्या पाण्यात सोडा आता मोजल्याइतका नसतो, म्हणून साबण तेलकट राहतो. तळाचा भाग वापरला तर वडीत सोड्याचे खिसे राहतात, आणि अंघोळीच्या वेळी ते कातडी भाजतात. असा डबा गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये. कोमट पाण्याच्या टबात ठेवून, झाकण सैल करून, सगळे खडे विरघळू द्यावे, मग नीट हलवून वापरावं. त्यापेक्षाही बरं म्हणजे थंडीत लागेल तेवढंच द्रावण त्या दिवशी करावं. साठवलंच तर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत नको. निवलेलं कॉस्टिक पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं, आणि घरातल्या तहानलेल्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही.

अंगावर उडालं तर

कॉस्टिक कातडीवर पडलं तर पहिल्या क्षणी आग होतेच असं नाही. आधी बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्या कातडीतल्या स्निग्धतेचा होऊ लागलेला साबण. आम्लाने भाजलं तर वर खपली धरते आणि ती आम्लाला काहीशी अडवते. कॉस्टिकसारखं अल्कली मात्र कातडी विरघळवत आत उतरत जातं. म्हणून दुखत नाही तोवर ठीक आहे, असं समजू नये. थंडीत उललेल्या हातांवर तर ते आणखी लवकर आत जातं.

कोरडे दाणे पडले असतील तर आधी ते झटकावे. मग वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धुवावं. थंडीत हीच गोष्ट टाळली जाते, कारण गार पाण्याखाली एवढा वेळ हात धरवत नाही. त्यावर उपाय साधा आहे. काम सुरू करण्याआधीच हाताशी दोन बादल्या कोमट पाणी आणि एक मग भरून ठेवावा. इथे पाण्याची ऊब कामाची आहे. जखमेवर लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नये. आम्ल आणि अल्कली भिडली की आणखी उष्णता निघते आणि धुण्यातला वेळही जातो. ओटा पुसायला व्हिनेगर चालेल, अंगाला नाही.

डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून अर्धा तास पाणी सोडत राहावं आणि लगेच दवाखाना गाठावा. पोटात गेलं तर ओकारी काढू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळतं. तोंड पाण्याने चूळ भरून धुवावं आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना सोड्याचं पाकीट दाखवावं.

साचा आणि सहा आठवडे

साच्यात ओतल्यावर साबणाचं काम आत चालूच असतं, आणि आता त्याला ऊब हवी असते. लाकडी साचा असेल तर तो झाकून वर गोधडी घालावी. सिलिकॉनचा असेल तर थर्माकोलच्या डब्यात ठेवावा. थंडीत उघडा ठेवला तर वर पांढरी भुकटी धरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि वर उरलेला सोडा मिळून तयार झालेलं हे सोडियम कार्बोनेट असतं. पातळ थर असेल तर पुसून टाकता येतो. वडीच्या आत मात्र पांढरे ओलसर खडे किंवा पाण्याचे थेंब दिसले तर तो साबण वापरू नये.

चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वड्या कापाव्या, तेव्हाही हातमोजे घालून. मग चार ते सहा आठवडे हवेशीर जागी फळीवर ठेवाव्या. खानदेशची कोरडी हिवाळी हवा या कामाला फार चांगली. कोकणातल्या पावसाळ्यात जे जमत नाही, ते इथे जानेवारीत सहज होतं. नाताळाच्या सुट्टीत केलेला साबण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वापरायला निघतो. वापरण्याआधी ओल्या वडीवर पीएच कागद लावून पाहावा. ९ ते १० आला तर ठीक, ११ च्या वर गेला तर सोडा जास्त झाला. असा साबण कपड्यांनाही देऊ नये.

साबण विकायचा असेल तर मात्र घरची काळजी पुरत नाही. अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि तो तयार करून विकायला परवाना लागतो. बचत गटाने पहिली ऑर्डर घेण्याआधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात चौकशी करावी. परवान्याच्या अटींत जागा, हवा, मापं आणि नोंदी यांचा विचार असतो, म्हणजे दुपारच्या त्या तासाभरात घरी जी शिस्त पाळली, तीच आता कागदावर. ज्यांनी पाणी गार, सोडा मोजून आणि तेल कोमट ठेवायची सवय लावून घेतली आहे, त्यांना त्या अटी जड जात नाहीत.